पंधरा रत्तल

कुठलाही ताणलेला दोर राघोसमोर आणा, तो त्यावर अंगठा ठेवायचा, जरासा दाबायचा आणि सांगायचा, "तीन मण." किंवा "साडेचार." शंका येऊन काटा लावून बघणाऱ्यांनी बघितलं होतं, फरक पडलाच तर शेर-दोन शेरांचा. ठाण्याच्या बाहेर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. विलायतेहून लाकडी पेट्यांतून यंत्रं यायची. ती गाडीवरून उतरवून, आत नेऊन, पायावर बसवायची ती खलाशांनी, म्हणजे दोर, कप्पी आणि चार वासे एवढ्या भांडवलावर जड वस्तू उचलणाऱ्या माणसांनी. अशाच एका कारखान्यात राघो खलाशी होता. दोरावर अंगठा टेकवून "बाजूला व्हा" असं तो सगळ्या नोकरीत दोनदाच ओरडला, आणि दोन्ही वेळा लोक बाजूला झाले म्हणून घरी गेले.

ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. माजिवड्याहून खाडीकडे उतरत गेलं की मिठागरं लागायची आणि त्यांच्या कडेला वीस-पंचवीस घरांचं त्याचं गाव. बाप होडीवर होता, तो लवकर गेला. आई आवडाबाई आगरात मीठ वाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाने भरलेली टोपली, आणि हातभर रुंदीच्या बांधावरून अनवाणी चालत ढिगापर्यंत. अशा दिवसभरात खेपा किती, ते ती कधी मोजत नसे. राघो आणि धाकटा पोपट तिच्या मागून चालत मोठे झाले.

त्या आगरात एक रीत होती. रिकाम्या माणसाने भरल्या माणसाला नुसतं ओलांडून जायचं नाही. समोरून कुणी ओझं घेऊन आलं की थांबायचं, टोपलीला खालून दोन्ही हात लावायचे आणि क्षणभर ती वर धरायची. तेवढ्यात ओझेकरी मान सोडवून घेई, एक श्वास घेई, मग पुढे. जमलं तर ओझं आपल्याच डोक्यावर घ्यायचं. याला ते हात देणं म्हणत. हात न देता गेलेल्या माणसाचं नाव गावात आठवडाभर तोंडातोंडी व्हायचं. रीत चांगलीच होती. या सगळ्या हकिगतीत वाईट कुणी वागलेलंच नाही, आणि खरा संताप येतो तो त्याचाच.

एकावन्न साली कारखान्यात त्र्यंबकराव आले. डोंबिवलीला राहायचे, कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. इंटरपर्यंत शिकलेले, कानामागे पेन्सिल, स्वभावाने तिरसट. कागदावर एक रेघ चुकली की त्यांना डबा गोड लागत नसे. एकदा दोन खांबांना दोर बांधून मधोमध ओझं टांगायचं काम चाललं होतं. मुकादम म्हणत होता, दोर चांगला ताठ ओढा, हा झोळ कसला ठेवलाय, बायकांची धुणी वाळत घालायचीत का? राघो झोळ काढू देईना. त्र्यंबकराव तिथून चालले होते, ते थांबले.

"झोळ कशाला हवा तुला?"

"ताठ बांधला की दोर रागावतो साहेब."

"किती रागावतो?"

"त्ये अंगठा ठेवल्यावर समजतं."

"ठेवायच्या आधी सांग."

राघो हसला. त्याला वाटलं साहेब चेष्टा करतायत. दोर बांधलाच नाही तर त्यातला ताण कसा सांगायचा? पण त्र्यंबकरावांनी कानामागची पेन्सिल काढली, सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडला, तिथेच उकिडवे बसले आणि तीन रेघा ओढल्या. ओझ्याची एक रेघ सरळ खाली, जेवढं ओझं तेवढी लांब. तिच्या दोन टोकांपासून दोन्ही बाजूंच्या दोरांना समांतर अशा दोन रेघा. त्या जिथे भेटल्या तिथे त्रिकोण पुरा झाला. मग पट्टीने मोजून म्हणाले, "खांबांत अंतर सोळा हात, झोळ दोन हात. प्रत्येक बाजूच्या दोरात ओझ्याच्या दुपटीला जरा वर. ठेव आता अंगठा."

ओझं टांगल्यावर राघोने अंगठा ठेवला. दुपटीला जरा वर. त्या दिवशी तो जेवला नाही, कागदाकडेच बघत बसला.

पुढे रोज दुपारच्या सुट्टीत कोठाराच्या भिंतीशी हा वर्ग भरू लागला. भिंतीत दोन खिळे, सुतळी, वाळूच्या पिशव्या. राघो चौथीपर्यंत शिकलेला. हिशेबातल्या मोठ्या खुणा त्याला झेपत नव्हत्या, म्हणून त्र्यंबकरावांनी सगळं रेघांवर आणलं. मोजायचं, समांतर ओढायचं, पुन्हा मोजायचं. त्यांना शिव्या द्यायची सवय होती, त्याही त्यांनी मोकळेपणी दिल्या. दोन हातांचा झोळ एक हातावर आणला तर ताण दुपटीवरून चौपटीवर जातो, हे राघोने स्वतः काढलं तेव्हा मात्र त्यांनी आपला पेरू अर्धा कापून त्याच्यापुढे ठेवला.

"आणि झोळ अजिबात नकोच म्हटलं तर साहेब?"

"काढून बघ."

राघोने रेघा ओढल्या. त्या कागदाबाहेर गेल्या, दुसरा कागद जोडला, त्याच्याही बाहेर गेल्या.

"ह्या भेटतच नाय."

"नाहीच भेटणार. ओझं घ्यायचं तर दोराला थोडं वाकावंच लागतं. जो वाकणार नाही म्हणेल तो तुटेल."

वर्षभरात राघो इतका तयार झाला की मुकादम कामाच्या आधी गुपचूप त्याला कागद दाखवू लागला. बावन्नच्या सुरुवातीला कारखान्यात हुकूम लागला, खलाशांच्या टोळीवर मिस्त्री नेमायचा आहे, मे महिन्यात लेखी परीक्षा. त्र्यंबकरावांनी स्वतःच्या हाताने राघोचा अर्ज भरला. आगरातला माणूस आजवर वासे चढला होता, उतरला होता, चाळिशीत गुडघे गेले की परत बांधावर आला होता. खाली उभं राहून बोटाने काम दाखवणारा मिस्त्री त्यांच्यातला कुणी झाला नव्हता.

राघोला मिस्त्री व्हायचं होतं ते वेगळ्याच कारणाने. आवडाबाई साठीला आली होती आणि टोपली सोडत नव्हती. बायको शेवंतीने सांगून पाहिलं, पोपटने भांडून पाहिलं. म्हातारीचं एकच उत्तर. "खलाशाचं काय, आज वर, उद्या खाली. ज्या दिशी तू मिस्त्री होशील त्या दिशी मी चुंबळ चुलीत घालीन." राघोने ते मनात धरलं. परीक्षा म्हणजे त्याच्या लेखी आईच्या डोक्यावरची टोपली उतरवणं होतं, बाकी काही नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी होऊन, तो आगरातल्या बांधावरून घरी चालला होता. अंगात खाकी, पायात कारखान्याचे बूट. समोरून आई आली, डोक्यावर भरलेली टोपली. रिकाम्या माणसाने काय करायचं ते त्याला सांगायला लागणार नव्हतं. तो नुसता हात देऊन थांबला नाही, त्याने टोपलीच डोक्यावर घेतली. आई म्हणाली, "बूट काढ रं." तो म्हणाला, "दहा पावलं तर हायेत." आगराच्या बांधावर बूट घालून कुणी ओझं नेत नाही. बांधाचा चिखल वरून सुकलेला दिसतो, खाली लोण्यासारखा असतो, आणि तो अनवाणी बोटांनाच कळतो. राघोला हे जन्मापासून ठाऊक होतं. सहाव्या पावलाला तो गेला. टोपली एकीकडे, तो एकीकडे, आणि उजवी मांडी त्याच्या अंगाखाली भलत्याच ठिकाणी वाकलेली.

ठाण्यातल्या एका धर्मादाय इस्पितळात त्याला नेलं. मांडीचं हाड मधोमध मोडून दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकले होते. डॉक्टर तरुण होता, मन लावून काम करणारा होता. त्याने पायाला पट्ट्या चिकटवल्या, त्यांना दोरी बांधली, ती खाटेच्या पायथ्याला लावलेल्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला पंधरा रत्तल, म्हणजे सातेक शेर, वाळूची पिशवी टांगली. खाटेचे पायथ्याकडचे खूर विटांवर चढवले. मांडीचे स्नायू हाडाचे तुकडे वर ओढत असतात, म्हणाला, ही पिशवी त्यांना खाली ओढून धरेल, तुकडे समोरासमोर राहतील आणि सांधतील. सहा आठवडे. हाडाचा एक्स-रे फोटो काढायचं यंत्र या इस्पितळात नव्हतं. पेशंटला फोटोसाठी हलवायचं म्हणजे वजन सोडायला लागणार, म्हणून फोटो सहा आठवड्यांनी. आणि वजनाला कुणी हात लावायचा नाही.

पहिले दोन दिवस राघो ओरडत होता. तिसऱ्या दिवसापासून बरं वाटू लागलं.

शेवंतीच्या अंगावर पोर पीत होतं, म्हणून इस्पितळात आवडाबाई राहायची. सकाळी गावातून चालत यायची, दिवे लागायच्या वेळी जायची. खाट व्हरांड्याच्या टोकाला, पायथा भिंतीकडे. पायथ्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत ती पदर डोक्यावरून ओढून जमिनीवर बसून राहायची. तीसएक खाटांना एक नर्सबाई, तिला म्हातारी अडचण करत नाही एवढंच पुरे होतं. राघो उताणा, पायावर कामट्यांचा मांडव आणि त्यावर चादर, त्यामुळे त्याला आईचं फक्त डोकं दिसायचं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. आई आली की दुखणं कमी व्हायचं. ती गेली की संध्याकाळी पाय पुन्हा ठणकायला लागायचा, आणि सकाळी ती येऊन बसली की घटकाभरात उतार. त्याने हे नर्सबाईला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, आईची माया, दुसरं काय.

रविवारी त्र्यंबकराव डोंबिवलीहून मुद्दाम आले. हातात मोसंबी आणि कागदाची गुंडाळी. परीक्षा मेच्या शेवटी होती, आणि डॉक्टर म्हणाला होता की सहा आठवड्यांनी सगळं ठीक असलं तर कुबड्यांवर खुर्चीत बसून पेपर लिहायला हरकत नाही. त्र्यंबकरावांनी खाट, खुरांखालच्या विटा, कप्पी असं सगळं एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. दुसऱ्याच्या मोडलेल्या पायात गणित दिसून आनंद होणारी माणसं असतात, त्यांतले ते होते.

"आयता प्रश्न आहे हा. सांग, दोरीत ताण किती?"

"पंधरा रत्तल."

"पायावर ओढ किती?"

"तेवढीच. दोरी एकच हाय, कप्पी फिरती हाय."

"मग तू घसरत खाली का जात नाहीस?"

राघोने विचार केला. "पायथा वर उचललाय. माझं वजन मना उलटं डोक्याकडं ओढतंय."

"शाबास. म्हणजे दुसऱ्या पारड्यात तूच आहेस. आता कप्पीवर भार किती? काढून दाखव."

राघोने छातीवर पाटी धरून कागदावर रेघा ओढल्या. एक आडवी, पंधरा. एक खाली, पंधरा. तिरकी मोजली. "एकवीसला जरा वर."

त्र्यंबकरावांनी त्याच्या हातातून कागद घेतला, पट्टी लावून स्वतः मोजलं आणि म्हणाले, "राघो, तू पास झालास. परीक्षा आता नुसती द्यायची राहिली." पायथ्याशी आवडाबाई शिकलेल्या माणसासमोर संकोचून भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्र्यंबकराव जाताना तिला म्हणाले, "आजी, मुलगा तुमचा हुशार आहे हो." तिने नुसती मान हलवली. उठली नाही. त्यांना ते जरा खटकलं, पण म्हातारी माणसं, गुडघे धरले असतील, असं म्हणून ते गेले.

सहा आठवडे पुरे झाले. डॉक्टरने सकाळी येऊन दोरी सोडायला सांगितली, दुपारी गाडीतून फोटोला न्यायचं ठरलं. नर्सबाई पिशवी घेऊन गेली. शेजारच्या म्हाताऱ्याचा डोळा लागला तेव्हा आवडाबाई प्रथमच खाटेच्या उशाशी येऊन बसली आणि राघोच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाली,

"आथा सांगतंय तुना. कवा बोलली नाय."

"काय गं आये?"

"ती पिशवी मी तिसऱ्या दिसापासनं एक दिस तुझ्या पायाला टांगू दिली नाय."

राघोला समजलं नाही.

"सकाळी आली का मांडीवर घ्यायची. डाक्टर यायचा टाईम झाला का सोडून द्यायची. तू पडलास माझ्या टोपलीपायी. तुझ्या मोडल्या पायाला ह्यांनी पंधरा रत्तल बांधलं, आनि बोलले सहा आठवडे उतरवायचं नाय. बैलाचं पन ओझं उतरवतात रं रातच्याला. मी बसलेली रिकामी. रिकाम्या मानसानं बघत बसायचं?" आणि तिने लुगडं जरा सरकवून गुडघ्यावरची जागा दाखवली. पिशवीची शिवण रोज घासून तिथे तळहाताएवढा काळा डाग पडला होता. तो दाखवताना ती हसत होती. कधी नव्हे ते तिच्या मनासारखं काही झालं होतं.

राघो वर बघत राहिला. कागदाची गरज नव्हती. पिशवीचा भार मांडीवर, मग दोरीत काय? काही नाही. पायावर ओढ काय? काही नाही. कप्पीवर काय? काही नाही. स्नायू मात्र ओढतच होते, दिवसाचे दहा तास, चाळीस दिवस. रात्री पंधरा रत्तलांनी हाड जेवढं खाली आणलं असेल, तेवढं सकाळी आई आल्यावर पुन्हा वर चढलं असणार. आणि तो, ज्याच्या अंगठ्याखाली कारखान्यातला एकही दोर खोटं बोलला नाही, त्याच्या स्वतःच्या पायाची दोरी दिवसभर ढिली पडून राहिली आणि त्याला वाटलं, आईची माया.

दुपारी फोटो झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फोटोची काच उजेडासमोर धरून उभा राहिला. मग खाटेच्या कडेला बसला.

"हाड सांधलंय, पण तुकडे एकमेकांवर चढूनच. पाय दोन इंच आखूड राहणार." तो खरोखर कष्टी झाला होता. "मला उमगत नाही. वजन बरोबर होतं, कप्पी बरोबर होती. पुन्हा मोडून बसवता येतं, मुंबईला नेऊन. पण पंधरा रत्तलांना जे हाड ऐकलं नाही ते दुसऱ्यांदा ऐकेल असं मी कशावरून म्हणू? उगाच तुला दुसऱ्यांदा हालात का घालू? काही चुकलं होतं का, दोरी निसटली होती का कधी? तसं काही असेल तर सांग. मग पुन्हा करण्यात अर्थ आहे."

पायथ्याशी आवडाबाई उभी होती. तिला डॉक्टरचं शुद्ध बोलणं निम्मं कळत होतं, पण पाय आखूड राहणार हे कळलं होतं, आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. राघोने तिच्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोललं की पाय मिळण्याची आशा होती. आणि त्याच वाक्याने म्हातारीला कळणार होतं की पिशवी मांडीवर घेऊन आपणच आपला पोरगा पांगळा केला. ती त्यानंतर जगली नसती, हे त्याला जसं माहीत होतं तसं कुठल्याच त्रिकोणातून त्याला कधी काही कळलं नव्हतं.

"नाय डाक्टरसाहेब," तो म्हणाला. "दोरी बरोबर होती. हाडच तसलं."

मेच्या शेवटी परीक्षा झाली तेव्हा राघो घरी ओटीवर बसला होता. खुर्चीत बसून पेपर लिहिता आला असता, पण कारखान्याच्या मोठ्या साहेबाने आधीच सांगून टाकलं होतं की मिस्त्रीलाही वर चढून गाठ तपासावी लागते, लंगड्या माणसाला मी वर चढवणार नाही. त्यात त्याचं काही चुकलं नाही. आठवड्याने त्र्यंबकराव परीक्षेचा पेपर घेऊन माजिवड्याहून खाडीपर्यंत चालत आले. कशाला आले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. राघोने पाच प्रश्न तासाभरात सोडवले. त्र्यंबकरावांनी तपासले. पाचही बरोबर. त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली.

"माझा एक हाय, साहेब," राघो म्हणाला. "पंधरा रत्तलाची पिशवी. कप्पीवरून दोरी पायाला. कुनीतरी पिशवी मांडीवर घेऊन बसलं. दोरीत किती?"

"शून्य. हा काय प्रश्न झाला?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. अंगणात आवडाबाई पाठमोरी बसून मासे साफ करत होती. त्र्यंबकरावांनी तिच्याकडे पाहिलं, राघोच्या पायाकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून बसलेली, न उठलेली म्हातारी त्यांना आठवली असणार, आणि तो एकवीसला जरा वर असलेला कागदही, जो त्यांनी स्वतः पट्टी लावून बरोबर ठरवला होता.

"मी तिथे होतो," ते म्हणाले. "चार हातांवर होतो. मी दोरीकडे बघितलंच नाही."

"मी पन कागदाकडंच बघत होतो."

"अरे पण डॉक्टरला सांग! गाढवा, अजून वेळ गेलेली नाही. मी येतो तुझ्याबरोबर. अजून मोडून..."

"हळू बोला," राघो म्हणाला. "ती ऐकंल."

त्र्यंबकराव चिडले, मग चष्मा पुसत राहिले. जाताना आवडाबाईने त्यांना सुक्या माशांची पुडी दिली. ते ब्राह्मण, त्यांनी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. त्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. पुन्हा ते आले नाहीत.

राघोला आगरातच काम मिळालं. ढिगाशी मिठाच्या गोणी तोलायच्या काट्यावर. बसून काम. ठाण्याच्या चांभाराकडून त्याने उजव्या पायाच्या वहाणेला दोन इंचांचा लाकडी तळ मारून घेतला होता, तो घातला की सपाट जमिनीवर लंगडणं फारसं दिसत नसे. मिस्त्री झाला नाही म्हणून चुंबळ चुलीत गेली नाही. साठीची आई सहासष्ट वर्षांची होईपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोरून टोपल्या घेऊन येत राहिली आणि तिने आणलेलं मीठ तो तोलत राहिला. कुणी नवं माणूस पायाची चौकशी करी तेव्हा तीच पुढे होऊन सांगे, "मोठं दुखनं होतं. सहा आठवडे त्याचं ओझं मी मांडीवर घेतलं, म्हनून तरी पोरगा पायावर उभा राहिला. नाय रं?"

"व्हय आये," राघो म्हणायचा.

अठ्ठावन्न साली, मिठाचा हंगाम संपता संपता ती गेली. दुपारी खेप टाकून ढिगाच्या सावलीत बसली ती उठली नाही. तिरडीचे बांबू पोपटने आणले, गाठी राघोने बांधल्या. तशा गाठी त्या गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. आईचं कार्य धाकट्याचं, म्हणून मडकं घेऊन पोपट पुढे चालणार होता. राघोने पुढचा उजवा खांदा मागून घेतला. एवढंच त्याने मागितलं. खांदेकरी अनवाणी जातात. त्याने लाकडी तळाची वहाण काढून ओटीखाली ठेवली.

वाट आगरातल्या बांधावरूनच होती. डावा पाय टाकला की बांबू खांद्यावर यायचा. उजवा टाकला की त्याचा खांदा दोन इंच खाली जायचा आणि बांबू वर तसाच राहायचा, बाकीच्या तिघांवर. एका पावलाला भार, एका पावलाला काही नाही. तिरडी हिसके खाऊ लागली. राघोने चवड्यावर चालून पाहिलं. पाय थरथरला. मग त्याने उजवा हात बांबूखाली घालून तो वर रेटला, तर बांबू हलकाच लागला. आईचं वजन त्याच्या हाताला लागतच नव्हतं. त्याने बांबूवर अंगठा ठेवला आणि काढून घेतला.

सहाव्या-सातव्या पावलाला समोरून दगडू आला, आगरातलाच माणूस, रिकामा. तो थांबला. रिकाम्या माणसाने काय करायचं ते त्यालाही सांगायला लागणार नव्हतं. त्याने पुढे होऊन बांबूखाली आपला खांदा घातला, राघोच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेने त्याला बाजूला केलं.

"दे इकडं, राघोदादा," तो म्हणाला. "तुझ्या बाजूला तसं पन काय वजन नाय."